दोन नळ्या, एक नेम : राजघराण्यांसाठी घडलेली दुनळी रायफल

मुंबईच्या काळा घोडा भागाला ज्या पुतळ्यामुळे नाव पडलं, त्या घोड्यावरचा स्वार म्हणजे इंग्लंडचा युवराज, प्रिन्स ऑफ वेल्स आल्बर्ट एडवर्ड. पुढे तोच सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसला. ८ नोव्हेंबर १८७५ रोजी तो ‘सेरापिस’ जहाजातून मुंबईत उतरला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा चौतिसावा वाढदिवस होता. त्या मुक्कामात त्याच्या हस्ते प्रिन्सेस डॉकची कोनशिला बसली. भेटीची आठवण म्हणून आल्बर्ट ससून यांनी पुतळा करवून घेतला, तो १८७९ मध्ये उभा राहिला. १९६५ पासून तो भायखळ्याच्या राणीबागेत आहे.

मुंबईनंतर युवराज बडोद्यालाही गेला. तिथे त्याचं स्वागत करणारे सयाजीराव महाराज तेव्हा बारा वर्षांचे होते. नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक येऊन त्यांना जेमतेम सहा महिने झाले होते. पुढे युवराजाने सिलोनमध्ये हत्तीची शिकार केली, जयपूरला पहिला वाघ मारला, आणि नेपाळच्या तराईत जंगबहादुर राणांच्या शेकडो हत्तींच्या वेढ्यात आणखी वाघ मारले. हा दौरा म्हणजे जितकं राजकारण, तितकीच शिकार. आणि नेमक्या त्याच वर्षांत लंडनच्या बंदूककारांनी शिकारी शस्त्राचा एक प्रकार कमालीच्या सफाईला नेला होता : दुनळी रायफल.

जुन्या दुनळी रायफलींचे फोटो आपण कधीमधी पाहतो. सोन्याचा मुकुट, बारीक वेलबुट्टी, अक्रोडाचा तकतकीत दस्ता. डोळे तिथेच अडकतात. पण या वस्तूतलं खरं अवघड काम डोळ्यांना दिसतच नाही, ते दोन नळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत दडलेलं असतं. मला सांगायचंय ते त्याच जागेबद्दल.

आधी एक घोळ दूर करू. आपल्याकडे ‘दुनळी’ म्हटलं की छऱ्याची बंदूक डोळ्यांसमोर येते, गावातल्या पाटलाच्या भिंतीवर टांगलेली. तिच्या नळ्या आतून गुळगुळीत असतात. एका बाराला पुष्कळ छरे सुटतात आणि पसरतात, त्यामुळे उडता पक्षीही टिपता येतो. रायफलच्या नळीत मात्र पेचदार खाचा कोरलेल्या असतात. गोळी त्या खाचांतून गरगरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी फिरत राहिल्यामुळे सरळ जाते. छऱ्याच्या बंदुकीच्या दोन नळ्या एकमेकींशी थोड्या फटकून मारत असल्या तरी फारसं बिघडत नाही, कारण छरे पसरणारच असतात. रायफलमधून एकच गोळी सुटते. दोन नळ्या दोन वेगळ्या जागी मारू लागल्या, तर दुसरी नळी असून नसल्यासारखी.

मग दोन नळ्या हव्यात तरी कशाला? कारण साधं होतं, आणि भीतीतून आलेलं होतं. जखमी वाघ किंवा गवा उलटला, की माणसाच्या हातात सेकंद-दोन सेकंद उरतात. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी ठासायची, मग मागे ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. तेवढ्यात जनावर अंगावर आलेलं असायचं. पुढे मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या. पॅरिसच्या लफोशो यांची तशी बंदूक १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडली गेली आणि इंग्रज कारागिरांचे डोळे उघडले. तरीसुद्धा एकनळीत दुसऱ्या बारासाठी नळी उघडून काडतूस बदलावं लागायचंच. दुनळीत बोट एका चापावरून दुसऱ्या चापावर सरकवलं की झालं. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा.

आणि चाप दोन म्हणजे आतली यंत्रंही दोन. प्रत्येक नळीला स्वतःचा घोडा, स्वतःची कमान (म्हणजे स्प्रिंग), स्वतःचा खटका. एका बाजूची कमान ऐन वेळी तुटली तरी दुसरी बाजू चालते. म्हणजे एकाच दस्त्यावर बसवलेल्या दोन स्वतंत्र रायफलीच म्हणा. जंगलात, दुरुस्ती करणारा शंभर मैलांवर असताना, या गोष्टीचं मोल फार मोठं होतं.

आता मुख्य कोडं. दोन नळ्या शेजारी-शेजारी, अगदी समांतर बसवल्या, तर दोन्ही गोळ्या शेजारी-शेजारी लागतील असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही.

बंदूक उडाली की मागे धक्का मारते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण उजवी नळी बंदुकीच्या मधोमध नसते, ती मध्यरेषेच्या जरा उजवीकडे असते. त्यामुळे तिचा धक्का सरळ मागे न जाता बंदुकीला किंचित पिळतो : तोंड वर जातं आणि उजवीकडे वळतं. डावी नळी उडवली की हेच डावीकडे होतं. एरवी याने काही बिघडलं नसतं; पण गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचे दोन-तीन हजारांश लागतात आणि तेवढ्या वेळात बंदूक वळायला लागलेली असते. गोळी नळीत असतानाच नळीची दिशा बदलत असते. म्हणून समांतर नळ्यांच्या गोळ्या एकमेकींपासून फाकत जातात. शंभर यार्डांवर तर एक वाघाच्या या बाजूला आणि दुसरी त्या बाजूला, असं व्हायचं.

उपाय असा, की नळ्या समांतर ठेवायच्याच नाहीत. तोंडाकडे त्या एकमेकींकडे किंचित झुकवायच्या, इतक्या की दोघींच्या मध्यरेषा पुढे वाढवल्या तर काही अंतरावर एकमेकींना छेदतील. आता उजवी नळी मुळात जरा डावीकडे बघते. बार उडतो, धक्क्याने ती उजवीकडे वळते, आणि गोळी बाहेर पडण्याच्या क्षणी ती बरोबर सरळ समोर आलेली असते. एक चूक दुसऱ्या चुकीने फेडलेली. मला हा सबंध विषय आवडतो तो या एका गोष्टीसाठी.

पण किती झुकवायचं? याचं सूत्र कुणाकडे नव्हतं. रायफलचं वजन, नळीची लांबी, दारूचं माप, गोळीचं वजन, या सगळ्यांवर ते ठरतं. म्हणून काम हाताने आणि अंदाजाने व्हायचं. नळ्या मागच्या टोकाला पक्क्या जोडायच्या, तोंडाशी दोघींच्या मध्ये एक छोटी पाचर घालायची आणि तात्पुरता डाख द्यायचा. मग एका जाणत्या माणसाने ती रायफल खांद्याला लावून निशाण्यावर झाडायची. शिकंजात पकडून चालत नसे, कारण शिकंजातली बंदूक खांद्यावरच्या बंदुकीसारखी हलत नाही. डाव्या-उजव्या गोळ्या कुठे लागल्या ते बघायचं, डाख तापवून मऊ करायचा, पाचर केसभर पुढे-मागे सरकवायची, थंड होऊ द्यायचं, पुन्हा बार. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच ठिकाणी पडेपर्यंत हे असंच चालायचं. मगच मधली पट्टी कायमची बसायची. या कारागिराला ‘रेग्युलेटर’ म्हणत आणि कारखान्यात त्याचा मान वेगळाच असे.

यातून एक गोष्ट आपोआप निघते, आणि जुनी दुनळी हाताळणारे कित्येक जण तिथेच फसतात. ही सगळी जुळवाजुळव एका ठरावीक काडतुसासाठी असते. दारू वाढवली तर गोळी लवकर बाहेर पडते, नळीला वळायला पुरता वेळ मिळत नाही, आणि दोन्ही गोळ्यांच्या वाटा फुली मारतात : उजवीची डावीकडे, डावीची उजवीकडे. दारू कमी केली तर गोळी रेंगाळते, नळी जास्त वळते, गोळ्या फाकतात. म्हणून कित्येक जुन्या रायफलींवर किंवा त्यांच्या पेटीतल्या कागदावर दारूचं आणि गोळीचं माप लिहिलेलं सापडतं. ते माप हरवलं, की रायफल मुकी झाली असं समजा. मग उलट्या दिशेने शोध घ्यावा लागतो, वेगवेगळी मापं उडवून बघत, दोन्ही गोळ्या एकत्र येईपर्यंत.

युवराजाच्या काळातल्या रायफलींना ‘एक्सप्रेस’ म्हणायचे. हा शब्द आगगाडीवरून आला. लंडनच्या पर्डी कारखान्याने १८५६ च्या सुमारास एक रायफल काढली आणि तिला ‘एक्सप्रेस ट्रेन’ म्हटलं. तोवरच्या रायफली जड गोळी बेताच्या वेगाने फेकायच्या; गोळीचा मार्ग कमानीसारखा वाकडा असायचा आणि जनावर ऐंशी यार्डांवर आहे की दीडशे, याचा अंदाज चुकला की नेमही चुकायचा. एक्सप्रेसमध्ये हलकी गोळी आणि भरपूर दारू. वेग सेकंदाला अठराशे-एकोणीसशे फुटांच्या घरात. मार्ग इतका सपाट, की शंभर-दीडशे यार्डांपर्यंत नेम बदलावा लागत नसे. गोळीच्या टोकाला भोक ठेवत, म्हणजे ती लागताच फुलायची. सांबर, हरीण, वाघ यांना ती पुरे होई. जाड कातडीच्या जनावरांवर मात्र ती वरच्या वर फुटायची, म्हणून हत्तीसाठी आठ किंवा चार ‘बोअर’ची धूडं बाळगावी लागत. बोअर म्हणजे काय, तर नळीत बसेल तेवढ्या शिशाच्या गोळ्या एका पौंडात किती होतात तो आकडा. बारा बोअरच्या बारा गोळ्यांचा पौंड भरतो. चार बोअरची एकेक गोळी पाव पौंडाची, म्हणजे शंभर ग्रॅमहून जास्त शिसं. तो धक्का खांद्यावर घेणाऱ्यांची हिंमत मानावी लागेल.

पर्डी हे नाव आता आलंच आहे. थोरल्या जेम्स पर्डींनी १८१४ मध्ये लंडनमध्ये दुकान थाटलं. पुढे मुलाने, तोही जेम्सच, १८५८ मध्ये धंदा हाती घेतला आणि १८६३ मध्ये त्याने एका कडीचं पेटंट घेतलं. नळ्या मिटल्या की खालून सरकून दोन खाचांत अडकणारी ती कडी आजही जगभरच्या दुनळ्यांत वापरली जाते. १८६८ मध्ये याच युवराजाने पर्डींना आपले बंदूककार म्हणून शाही सनद दिली. पर्डींच्या कडीच्या आधी हेन्री जोन्स यांची एक पद्धत होती : चापाच्या खालून एक लांब दांडी बाजूला फिरवायची आणि स्क्रूसारखी घट्ट करायची. ती जरा सावकाश चाले, पण पकड अशी जबर, की मोठ्या मापाच्या रायफलींवर ती पुढेही पुष्कळ वर्षं टिकली. जुन्या दुनळीच्या पोटाखाली अशी वळणदार दांडी दिसली, तर बहुधा हेच प्रकरण असतं.

घोड्यांबद्दल थोडं. १८७५ पर्यंत घोडे बहुतेक बाहेर असत, कानांसारखे उभे, अंगठ्याने मागे ओढायचे. त्याच वर्षी बर्मिंगहॅममध्ये अँसन आणि डीली यांनी घोडे बंदुकीच्या यंत्राच्या पेटीतच आत घेतले. बंदूक उघडली की ते आपोआप ताठ होऊ लागले. तरीही कित्येकांना बाहेरचे घोडेच भरवशाचे वाटायचे, कारण बंदूक तयार आहे की नाही ते नजरेला दिसतं. सातव्या एडवर्डचा मुलगा पाचवा जॉर्ज अखेरपर्यंत बाहेरच्या घोड्यांच्या बंदुका वापरत राहिला.

इंग्लंडबाहेर या वस्तूचं रूप बदलतं. ऑस्ट्रियाच्या कॅरिंथिया प्रांतात फेरलाख नावाचं एक लहान गाव आहे. तिथे सोळाव्या शतकापासून बंदुका घडतात, आणि हाताने घडवणारे कारागीर आजही तिथे आहेत. जर्मनीत झूल, बेल्जियममध्ये लिएज, फ्रान्समध्ये सेंत-एत्येन. व्हिएन्नाच्या दरबाराला माल पुरवणाऱ्यांना दुकानाच्या पाटीवर तसा किताब लावायची मुभा मिळे, आणि तो त्यांना जिवापेक्षा प्यारा असे. तिकडच्या दुनळीला गाल टेकायला फुगीर उंचवटा, चापाभोवती शिंगाची कड, खांद्याला अडकवायला पट्टा. कारण तिकडचा शिकारी आल्प्सच्या चढणी पायी चढायचा. कोरीव कामही वेगळं. इंग्रज कारागीर बारीक, दाट वेलबुट्टी काढतो, तर मध्य युरोपातला कारागीर पोलादातून उठावाची चित्रं उभी करतो : ओकची पानं, शिंगाळं हरीण, डोंगरी बकरा. दोन्ही पाहिल्यावर माझं मन वेलबुट्टीकडे झुकतं, पण उठावाच्या कामातली मेहनत नाकारता येत नाही.

राजघराण्यातली रायफल बाकीच्यांपेक्षा वेगळी ती कशात? यंत्रात जवळजवळ काहीच फरक नसतो. त्याच कारखान्यातून एखादा सरदार किंवा चहामळ्याचा मालकही तशीच रायफल घेऊ शकायचा. दस्ता मात्र अंगाला बेतलेला असतो, शिंप्याने सदरा बेतावा तसा : हाताची लांबी, मानेची उंची, नेम धरायचा डोळा कुठला, सगळं मोजून. जर्मनीच्या दुसऱ्या विल्हेल्मचा डावा हात जन्मापासून अधू होता, एका हाताने बंदूक पेलावी लागायची. तिथे वजन आणि तोल हा शोभेचा प्रश्न नव्हता. दस्त्यात सोन्याचा किंवा चांदीचा छोटा अंडाकृती पत्रा बसवतात आणि त्यावर मालकाची खूण असते. प्रिन्स ऑफ वेल्सची खूण म्हणजे मुकुटातून निघणारी शहामृगाची तीन पिसं.

आणि इथेच सावध व्हायला हवं. पत्र्यावरची पिसं नंतरही कोरता येतात. खुणेने किंमत कित्येक पट वाढते, तेव्हा ती मागाहून कोरायचा मोहही तेवढाच मोठा. जाणकार म्हणूनच आधी पत्रा बघत नाहीत. ते अनुक्रमांक बघतात आणि तो कारखान्याच्या वहीशी ताडतात. लंडनच्या चांगल्या कारखान्यांनी विकलेल्या प्रत्येक बंदुकीची नोंद ठेवली आहे : कोणत्या वर्षी, कुणासाठी, कोणत्या मापाची. वहीत ग्राहक म्हणून भलताच कुणी असेल, तर पिसांना अर्थ नाही. त्यानंतर नळ्यांखालचे परीक्षेचे शिक्के. लंडन, बर्मिंगहॅम, व्हिएन्ना, लिएज, फेरलाख इथे सरकारमान्य परीक्षागृहं होती. नेहमीपेक्षा जास्त दारूचा बार उडवून नळी फुटत नाही हे बघायचं आणि मगच शिक्का मारायचा. शिक्क्यांवरून बंदूक कुठे आणि साधारण कोणत्या काळात तपासली गेली ते उलगडतं. ती काळ्या दारूसाठी आहे की नंतरच्या धूरविरहित दारूसाठी, तेही. हा भेद जिवाशी खेळणारा आहे. काळ्या दारूच्या नळीत, त्यातही लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नक्षीदार दमास्कस नळीत, नवी दारू घातली तर नळी हातात फुटू शकते.

नवी दारू आली आणि सगळा नकाशाच बदलला. १८९८ मध्ये जॉन रिग्बी यांनी .४५० नायट्रो एक्सप्रेस काढली. नळीचं माप जेमतेम साडेअकरा मिलिमीटर, पण ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची, पत्रा चढवलेली गोळी आणि वेग सेकंदाला २,१५० फूट. हत्तीसाठीची ती अवजड धूडं तिने एका फटक्यात जुनी केली. पण ही नवी दारू उन्हाने तापली की जास्त भडकायची. लंडनच्या गारठ्यात बेतलेलं काडतूस आपल्याकडच्या वैशाखात नळीवर नको तितका ताण आणायचं, काडतूस आत चिकटून बसायचं. म्हणून उष्ण मुलखासाठी कमी दारूची वेगळी काडतुसं निघाली.

यापुढची गोष्ट थेट हिंदुस्थानची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारने इथे .४५० मापावर बंदी घातली. सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच मापाच्या होत्या, आणि काडतुसं बंडखोरांच्या हाती पडतील ही धास्ती होती. बंदीला वळसा घालायला कारखान्यांनी माप जरासं वाढवलं. हॉलंड अँड हॉलंडची १९०७ मधली .४६५ आणि जोसेफ लँग यांची प्रसिद्ध .४७० ही त्याच खटाटोपातली. जगभरच्या शिकारी पुस्तकांत मिरवणारे हे आकडे जन्मले ते सरकारला आपल्या लोकांची भीती वाटत होती म्हणून.

ती भीती युवराजाच्या दौऱ्यानंतर दोनच वर्षांत कायद्यातही उतरली होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायची मनाई केली. तराईत युवराजाचे बार उडाले होते १८७६ च्या सुरुवातीला. या रायफलींबद्दल लिहिताना हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. कत्तलीचा हिशेबही तसाच. डिसेंबर १९११ मध्ये, ज्या भेटीची आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया उभा आहे, त्याच भेटीत पाचव्या जॉर्जच्या शिकारी ताफ्याने नेपाळच्या तराईत दहा-अकरा दिवसांत ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड, ज्याच्या साराजेव्होतल्या खुनानंतर पहिलं महायुद्ध पेटलं, १८९३ मध्ये जगप्रवासात भारतातही शिकार करून गेला. त्याच्या आयुष्यभराच्या शिकारीची नोंद पावणेतीन लाखांच्या आसपास भरते. प्रागजवळच्या त्याच्या कोनोपिश्ते वाड्याच्या भिंती आजही शिंगांनी भरलेल्या आहेत. आपल्याकडे कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये शस्त्रं आणि पेंढा भरलेले वाघ एकाच छपराखाली पाहिले, की हेच चित्र जवळून दिसतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडची ही शिकार थांबली. ती थांबायलाच हवी होती.

शस्त्र मात्र उरलं, आणि ते ज्यांनी घडवलं त्यांचा मागही. अशी एखादी रायफल जाणकाराच्या हातात आली, की तो पुढचा लाकडी तुकडा काढतो, नळ्या दस्त्यापासून सोडवतो आणि उलट्या करून उजेडाकडे धरतो. तिथे, परीक्षेच्या शिक्क्यांच्या शेजारी, मिटल्यावर कधीच न दिसणाऱ्या जागी, अनेकदा एक-दोन बारीक अक्षरं ठोकलेली असतात. नळ्या ज्याने केल्या, त्या कारागिराच्या नावाची ती आद्याक्षरं. युवराजाने ती बहुधा कधी पाहिली नसतील.